सुताराचे हात : यशयाच्या मूर्तिविडंबनाचे एक वाचन

१

यशयाच्या ग्रंथाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायात (४४:९–२०) एक सुतार येतो. तो झाड तोडतो आणि त्याचे दोन वाटे करतो. एका वाट्याचे सरपण होते. त्यावर तो ऊब घेतो, भाकर भाजतो, मांस शेकतो, तृप्त होतो. उरलेल्या लाकडाचा तो देव घडवतो, त्याच्यापुढे लोटांगण घालतो आणि आपल्याला तारावे म्हणून त्याचीच विनवणी करतो. हिब्रू बायबलमध्ये शेजारच्या राष्ट्रांच्या प्रतिमापूजेवर टीका करणारे उतारे थोडे नाहीत. यिर्मयाच्या दहाव्या अध्यायात काकडीच्या मळ्यातले बुजगावणे येते, एकशे पंधराव्या स्तोत्रात तोंड असून न बोलणारे आणि कान असून न ऐकणारे देव येतात, हबक्कूकच्या दुसऱ्या अध्यायात मुक्या दगडाला जागे होण्याची आज्ञा करणारा कारागीर येतो. परंतु इतक्या संथपणे, इतक्या बारीक तपशिलाने आणि इतक्या निर्दयपणे रचलेले विडंबन या वाङ्मयात दुसरे नाही. ज्यांना पुढे लॅटिन ख्रिस्ती जगाने ‘पेगन’ हे सरसकट नाव दिले, त्या प्राचीन धर्मांविषयी ख्रिस्ती मनात जी एक ठोकळेबाज प्रतिमा रुजली, तिचे बरेचसे भांडवल या बारा ओव्यांइतक्या छोट्या उताऱ्याने पुरवलेले आहे.

हा उतारा मराठी वाचकाला अपरिचित नाही. मात्र तो साहित्य म्हणून क्वचितच वाचला गेला. मुंबईत १८३१ साली मोरभट दांडेकरांची ‘हिंदुधर्मस्थापना’ आणि १८३२ साली तिला उत्तर म्हणून जॉन विल्सन यांचे खंडन प्रसिद्ध झाले. त्या वादाच्या काळापासून मूर्तीविषयीची बायबलमधील वचने मराठी मुलुखात मुख्यतः युक्तिवाद म्हणून वावरली. एका पक्षाने ती पुरावा म्हणून पुढे केली, दुसऱ्याने ती अपमान म्हणून स्वीकारली. दोन्ही पक्षांनी एक गोष्ट गृहीत धरली होती : हा उतारा मूर्तिपूजेचे वर्णन करतो. उपरोधाला वर्णन मानण्याची ही चूक वाङ्मयीन आहे, आणि तिचे परिणाम वाङ्मयापुरते राहिलेले नाहीत. म्हणून प्रश्न पुन्हा मुळापासून विचारला पाहिजे. यशयाचा सुतार कोणाला उद्देशून हसतो आहे, आणि ज्याला हसतो आहे ते त्याला कितपत ठाऊक आहे?

२

आधुनिक बायबल-अभ्यासात या प्रश्नाचे एक प्रसिद्ध उत्तर येहेझ्केल काउफमान यांनी दिले. १९३७ ते १९५६ या काळात प्रसिद्ध झालेल्या इस्राएली धर्माच्या आपल्या बृहत् इतिहासात त्यांनी असे प्रतिपादन केले, की बायबलच्या लेखकांना परधर्माचे आकलनच नव्हते. त्या धर्मांतील पुराणकथा, देवांच्या वंशावळी, विश्वोत्पत्तीच्या कल्पना यांचा बायबलमधील टीकेत मागमूस नाही. टीका आहे ती केवळ लाकूड-दगड पुजण्यावर. काउफमान यांच्या मते ही अनभिज्ञता इस्राएलच्या एकेश्वरवादाच्या संपूर्णतेचीच खूण होय. परक्या देवांचे जग या लोकांना इतके परके झाले होते, की त्यांना तेथे फक्त वस्तू दिसत होत्या.

प्रतिपादन मोहक आहे. परंतु यशया ४०–५५ या प्रकरणांच्या बाबतीत ते टिकणे अवघड आहे. १८९२ साली बर्नहार्ड डूम यांनी आपल्या भाष्यात या प्रकरणांचा कर्ता स्वतंत्र मानला; त्याला ‘दुसरा यशया’ म्हणण्याचा प्रघात आहे. त्याचे लेखन इसवीसनपूर्व सहाव्या शतकातील बॅबिलोनच्या बंदिवासाच्या पार्श्वभूमीवर घडले, हे मत आज सर्वसाधारणपणे मान्य आहे. ज्या समाजाच्या दोन पिढ्या त्या नगरांच्या आणि कालव्यांच्या परिसरात गेल्या, ज्याने मार्दुकाची नववर्षाची मिरवणूक पाहिली असणार, त्याच्या कवीला मूर्तीमागील कल्पना ठाऊक नसावी, हे संभवत नाही. एक लहानसा शब्द येथे साक्ष देतो. यशया ४०:२० मध्ये मूर्तीसाठी निवडलेल्या लाकडाच्या संदर्भात ‘मेसुक्कान’ असा एक दुर्बोध शब्द येतो. जुन्या भाषांतरांनी त्याचा संबंध गरिबीशी जोडून ‘ज्याला अधिक देणे परवडत नाही तो’ असा अर्थ लावला. काही अभ्यासकांनी मात्र तो अक्कादी ‘मुसुक्कन्नु’शी जोडला आहे, आणि ‘मुसुक्कन्नु’ म्हणजे शिसूचे लाकूड. मेसोपोटेमियाच्या जुन्या लेखांत हे लाकूड मागनचे, म्हणजे ओमानकडच्या प्रदेशाचे, म्हणून ओळखले जाते. ही व्युत्पत्ती स्वीकारली, तर चित्र पालटते. ज्या कवीला सुतारशाळेतल्या लाकडाचे धंद्यातले नाव माहीत आहे, त्याला तिथे काय चालते हे माहीत नव्हते असे म्हणणे धाडसाचे ठरते.

तिथे काय चालत होते, हे आता बऱ्याच तपशिलाने सांगता येते. ‘मीस पी’ म्हणजे ‘मुखप्रक्षालन’, आणि त्याच्या जोडीचा ‘पीत पी’ म्हणजे ‘मुखोद्घाटन’, या विधींच्या मृत्तिकापट्ट्या निनवे आणि बॅबिलोन येथे मिळाल्या. ख्रिस्टोफर वॉकर आणि मायकेल डिक यांनी २००१ साली त्यांची एकत्र संपादित आवृत्ती प्रसिद्ध केली. विधीचा क्रम लक्षपूर्वक पाहण्याजोगा आहे. घडवून पूर्ण झालेली मूर्ती सुतारशाळेतून मिरवत नदीकाठी नेतात. तेथे बागेत बोरूच्या मांडवात ती रात्रभर असते. देवांना आणि नक्षत्रांना नैवेद्य होतात. तिचे मुख पुन्हा पुन्हा धुतले जाते. ज्या हत्यारांनी ती घडली ती हत्यारे मेंढीच्या मांडीत घालून, शिवून, नदीत सोडून देतात. मग कारागिरांना पुढे आणतात. त्यांचे हात फडक्याने बांधतात आणि झाऊच्या लाकडी तलवारीने ते हात तोडल्याचा अभिनय होतो. प्रत्येक कारागीर शपथेवर सांगतो, की हा देव त्याने घडवलेला नाही; सुतारांच्या, सोनारांच्या, तांबटांच्या देवांनी, निनिल्दूने, कुसिबांदाने, निनागलने तो घडवला. त्यानंतर पुरोहित मूर्तीच्या कानात कुजबुजतो, की तिची गणना आता तिच्या बंधुदेवांमध्ये झाली आहे. विधीतील एका मंत्राचा आशय असा, की मुखोद्घाटनावाचून ही प्रतिमा धूप हुंगू शकत नाही, अन्न खाऊ शकत नाही, पाणी पिऊ शकत नाही.

शेवटचे विधान जरा थांबून वाचावे. एकशे पंधराव्या स्तोत्रकर्त्याने आरोप म्हणून जे म्हटले, जवळजवळ तेच बॅबिलोनचा पुरोहित विधीची आवश्यकता म्हणून म्हणतो. मूर्ती आपोआप देव होत नाही, हे त्यालाही मान्य आहे. त्याच्या दृष्टीने त्यानंतरचे पाऊल महत्त्वाचे. स्तोत्रकर्ता ते पाऊल उच्चारीतच नाही.

मराठी वाचकाला हे पाऊल समजावून सांगावे लागत नाही. पेणच्या कारखान्यांत श्रावणापूर्वीच हजारो गणपती फळ्यांवर ओळीने मांडलेले असतात. त्यांना कोणी हात जोडत नाही, त्यांच्या किमतीची घासाघीस होते, रंग उडालेला परत केला जातो. प्राणप्रतिष्ठेपूर्वी ती माती आहे आणि उत्तरपूजेनंतर ती पुन्हा माती होणार आहे, हे घरातल्या लहान मुलालाही कळते. अर्थात दोन परंपरांतील साम्य ताणू नये. बॅबिलोनमध्ये मूर्तीचे विसर्जन नव्हते; मूर्ती हरवणे हे तेथे राष्ट्रीय अरिष्ट होते. सिप्पार येथील शमशाची प्रतिमा आक्रमणात नष्ट झाली, तेव्हा तिचे अधिकृत रूप ठाऊक नसल्यामुळे नवी घडवता येईना. युफ्रेटिसच्या पश्चिम तीरावर तिची मातीची प्रतिकृती सापडल्यानंतरच इसवीसनपूर्व नवव्या शतकात नबू-अपला-इद्दिना या राजाने ती पुन्हा करवली. हा वृत्तांत कोरलेली शिला १८८१ साली उत्खननात मिळाली आणि आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. कारागिराला येथे कल्पनास्वातंत्र्य नव्हते. असिरियाचा राजा एसरहद्दोन बॅबिलोनच्या देवप्रतिमांच्या नूतनीकरणाविषयी आपल्या लेखात देवांनाच विचारतो, की देव निर्माण करण्याचा अधिकार मर्त्य माणसाला कुठला? ज्याला आपण मूर्तिपूजक म्हणतो, त्या संस्कृतीच्या ऐन मध्यभागी हा प्रश्न उभा आहे.

३

आता यशयाकडे परतावे. या उताऱ्याची रचना पाहता पहिली लक्षात येणारी गोष्ट म्हणजे तिचा उलटा कालक्रम. आधी लोहार येतो; निखाऱ्यांवर हत्यार तापवतो, घणाने ठोकतो. मग सुतार येतो; दोरी ताणतो, खुणा करतो, रंधा आणि कंपास चालवतो, माणसाच्या आकाराची आणि माणसाच्या सौंदर्याची आकृती काढतो. यानंतर तो झाड तोडायला जातो. त्याही नंतर कळते, की ते झाड कोणी तरी लावले होते आणि पावसाने वाढवले होते. पूर्ण आकृतीपासून निवेदन मागे मागे जाते : हत्यार, लाकूड, झाड, रोप, पाऊस. पाऊस कोणाचा, हे सांगण्याची गरज दुसऱ्या यशयाच्या श्रोत्याला नाही. काही अभ्यासकांनी या क्रमाला संहितेतील विस्कळितपणा मानले आणि त्यावरून हा उतारा मागाहून घुसडला गेला असा तर्क केला. प्रक्षेपाचा मुद्दा वेगळा ठेवता येतो. क्रम मात्र विस्कळित नाही, तो अत्यंत हेतुपूर्वक मागे चालतो.

मुखप्रक्षालनाचा विधीही मूर्तीला मागेच नेतो. तिला शाळेतून बागेत, बागेतून नदीकाठी, जिथून लाकूड आले त्या हिरव्या ओल्या जगाकडे नेतो; मंत्रांत लाकूड शुद्ध अरण्यातून आलेले म्हणून गौरवले जाते; हत्यारे पाण्यात जातात; हात ‘तुटतात’. घडवण्याची सगळी प्रक्रिया पुसून मूर्तीला पुन्हा जन्म द्यायचा, आणि हा जन्म माणसाच्या हाताविना झाला असे स्थापित करायचे, हे त्या विधीचे प्रयोजन आहे. म्हणजे विधी आणि विडंबन हे दोन्ही एकाच वाटेने उलटे जातात. एक कारागिरी पुसण्यासाठी जातो, दुसरे ती उघडी करण्यासाठी. विधीत हात बांधले जातात. यशयाच्या उताऱ्यात जिकडे तिकडे हातच आहेत. लोहाराचा बलिष्ठ बाहू आहे, सुताराची मोजमापे घेणारी बोटे आहेत, आणि अखेरच्या वचनात (४४:२०) तर आपल्या उजव्या हातात असत्य आहे हे त्या माणसाला म्हणता येत नाही अशी त्याची अवस्था सांगून कवी थांबतो. पुरोहितापुढे कारागीर हात दाखवून म्हणतो, मी घडवले नाही. कवी तोच हात धरतो. उपरोधाचा नेम इतका अचूक बसतो तेव्हा तो अज्ञानातून आलेला नसतो. बॅबिलोनच्या धर्माला जिथे स्वतःलाच अवघडल्यासारखे होत होते, नेमक्या त्या ठिकाणी बोट ठेवलेले आहे. काउफमान यांच्या सिद्धान्ताला हा उतारा उत्तर देतो तो असा.

मात्र याचा अर्थ हे विडंबन न्याय्य आहे असा नव्हे. ते देवळाच्या दारापाशी थांबते, आणि जाणूनबुजून थांबते. आकृती घरात बसवण्यासाठी आहे, एवढेच कवी म्हणतो. हिब्रू ‘बायित’ हा शब्द घराला आणि मंदिरालाही चालतो, जसे मराठीत ‘देऊळ’ या शब्दाच्या पोटात देवाचे कुल म्हणजे घर दडलेले आहे. दोन अर्थांपैकी मोठा अर्थ कवी वाऱ्यावर सोडतो आणि दृश्य मुद्दाम चुलीपाशी ठेवतो. सुतारशाळा आणि स्वयंपाक या दोनच ठिकाणी त्याचे कथानक घडते. जिथे नगर जमते, जिथे गायन आहे, भय आहे, राजाचा अभिषेक आहे, तिथे तो श्रोत्याला नेत नाही. प्रतिपक्षाची सर्वांत बळकट बाजू झाकून ठेवणे हा विडंबनाचा जुना धर्मच आहे. त्याला तत्त्वचर्चेचे निकष लावता येत नाहीत. परंतु मग त्याच विडंबनाला तत्त्वचर्चेतील प्रमाण म्हणूनही वापरता येऊ नये. विल्सन यांच्या काळातील खंडनमंडनाने एकीकडून हे निकष लावण्याचे टाळले आणि दुसरीकडून प्रमाण मात्र वसूल केले.

उताऱ्यातील भुकेचे सूत्रही दुर्लक्षिण्याजोगे नाही. लोहार उपाशी आहे, पाणी न पिता काम करतो आणि गळून जातो. सुतार खाऊन तृप्त होतो. अखेरीस पूजक राखेवर चरतो. चुलीत जे जळाले त्याचीच राख शेवटी त्याच्या तोंडी येते. लोहाराच्या गळून जाण्यासाठी जे हिब्रू क्रियापद आले आहे, तेच चाळिसाव्या अध्यायाच्या अखेरीस याहवेविषयी नकारार्थी आले होते : तो कधी थकत नाही, उलट थकलेल्यांना बळ देतो. देव घडवणारा देवासाठी थकतो, आणि खरा देव थकलेल्याला उभा करतो. हे नाते सेहेचाळिसाव्या अध्यायात पूर्ण उलगडते. बेल आणि नबो हे देव थकल्या जनावरांच्या पाठीवर ओझे होऊन चालले आहेत. त्याच्याच पुढे याहवे आपल्या लोकांना गर्भापासून केस पिकेपर्यंत वाहून नेण्याचे वचन देतो. वाहणे आणि वाहिले जाणे, एवढ्या एका क्रियेवर ही प्रतिमासृष्टी उभी आहे. हजार युक्तिवादांपेक्षा ही एक कल्पना काव्य म्हणून श्रेष्ठ आहे. इतिहासाने मात्र तिला साथ दिली नाही. इसवीसनपूर्व ५३९ मध्ये सायरसने बॅबिलोन घेतले तेव्हा बेल-मार्दुक ओझे होऊन कुठे गेला नाही. १८७९ साली सापडलेल्या सायरसच्या मृत्तिकास्तंभात तोच मार्दुक सायरसला हात धरून निवडतो, आणि नबोनिदसाने बॅबिलोनमध्ये आणून ठेवलेल्या देवांना सायरस त्यांच्या त्यांच्या स्थानी परत पाठवतो. ज्याला दुसरा यशया याहवेचा अभिषिक्त म्हणतो (४५:१), तोच राजा मूर्तींचा जीर्णोद्धारक म्हणून मिरवतो. कवितेची ताकद भाकीत खरे ठरण्यावर अवलंबून नसते, याचा याहून ठसठशीत दाखला सापडणे कठीण.

आणखी एक धागा शब्दांचा आहे. चव्वेचाळिसाव्या अध्यायात मूर्ती ‘घडवणाऱ्या’साठी जे क्रियापद (यात्सार) येते, तेच उताऱ्याच्या आधी आणि नंतर इस्राएलला गर्भात ‘घडवणाऱ्या’ याहवेसाठी येते. प्रक्षेप असो वा नसो, ज्याने हा उतारा येथे बसवला त्याने ही सांगड पाहून बसवला आहे. माणसाने देव घडवण्याच्या मागेपुढे देवाने माणूस घडवण्याचे चित्र उभे आहे.

४

हे विडंबन पुढच्या काळात अनेकांनी गिरवले. ‘यिर्मयाचे पत्र’ या छोट्या पुस्तकात वटवाघळे, पाखरे आणि मांजरे देवांच्या अंगावर बसतात, तोंडावर धूळ साचते, चोरांच्या भीतीने देवांना कुलपात ठेवावे लागते; परंतु तेच ते पालुपद पुन्हा पुन्हा येऊन उपरोध निबर होतो. दानिएलच्या ग्रीक संहितेला जोडलेली बेलची कथा त्यापेक्षा चतुर आहे. मंदिराच्या जमिनीवर राख पसरून दानिएल नैवेद्य खाणाऱ्या पुरोहितांच्या पावलांचे ठसे दाखवतो. ही चातुर्यकथा आहे, तिच्याकडून अधिक अपेक्षा ठेवू नये.

खरे वळण येते ते ‘शलमोनाचे ज्ञान’ या ग्रंथात. ग्रीक भाषेत, बहुधा अलेक्झांड्रियात, ख्रिस्तजन्माच्या आगेमागे लिहिलेल्या या ग्रंथाच्या तेराव्या ते पंधराव्या अध्यायांत यशयाचा सुतार पुन्हा भेटतो. तो लाकडाची भेग मातीने आणि तांबड्या रंगाने बुजवतो, मूर्ती भिंतीला खिळ्याने ठोकतो, कारण ती पडेल ही त्याला धास्ती आहे. इथवर ओळखीचे. परंतु चौदाव्या अध्यायात कर्ता एक प्रश्न विचारतो, जो यशयाने विचारला नव्हता : हे सुरू कसे झाले? आणि उत्तरादाखल एक बाप उभा करतो. अकाली गेलेल्या मुलाच्या दुःखाने तो झिजतो, त्या मुलाची प्रतिमा करवतो. काल जो मेलेला माणूस होता त्याला आज देव मानतो आणि घरच्या माणसांना त्याचे विधी लावून देतो. काळाने ती चाल दृढ होते, मग राजाज्ञेने नियम होते. दूरच्या राजाचे मुख पाहता येत नाही म्हणून लोक त्याचीही प्रतिमा करतात, आणि कलावंत हौसेने तिला प्रत्यक्षाहून सुंदर करतो.

देव हे मूळचे थोर मृत पुरुष, हे युहेमेरसचे मत येथे पार्श्वभूमीला आहे, हे खरे. पण युहेमेरसच्या राजांमध्ये आणि या बापामध्ये फार अंतर आहे. ग्रंथकर्त्याचा निष्कर्ष कठोरच राहतो, मूर्तीची कल्पना हीच सर्व दुराचाराचे मूळ असे तो ठासून सांगतो. तरीही वाटेत त्याच्या हातून असे काही लिहून गेले आहे, की जे त्या निष्कर्षात मावत नाही. या परंपरेत पहिल्यांदाच लेखक पूजकाच्या मनात शिरला आहे, आणि तिथे त्याला मूर्खपणा आढळला नाही, शोक आढळला. विडंबन इथे तडकते. वाङ्मयीन दृष्टीने हा या परंपरेतील सर्वांत मोलाचा क्षण मानला पाहिजे, आणि त्याची दखल मराठीत जवळजवळ घेतली गेलेली नाही, याचे एक कारण अगदी साधे आहे. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स परंपरा हा ग्रंथ बायबलचा भाग मानतात. प्रॉटेस्टंट परंपरा मानत नाही, आणि एकोणिसाव्या शतकातील मराठी बायबल प्रॉटेस्टंट मिशनांनी घडवले. मूर्तिपूजेवरच्या वादात उतरलेल्या मराठी ख्रिस्ती लेखकाच्या हाती सुतार होता, बाप नव्हता.

पौलाविषयी थोडेच सांगावे लागेल. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायात मूर्ती म्हणजे जगात काहीच नव्हे अशी त्याची भूमिका दिसते. दहाव्या अध्यायात मूर्तीपुढचे बळी भुतांना अर्पण होतात असे तो म्हणतो. ‘काही नाही’ आणि ‘भूत’ ही दोन उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. ही विसंगती पौलाच्या आधीच भाषांतरात शिरली होती : हिब्रू स्तोत्रात (९६:५) परराष्ट्रांचे देव ‘एलिलीम’ म्हणजे निरर्थक, पोकळ म्हटले आहेत, आणि ग्रीक भाषांतरकारांनी तिथे ‘दायमोनिया’ घातले. पोकळीच्या जागी अशा रीतीने एक अस्तित्व येऊन बसले. अथेन्समध्ये मात्र (प्रेषितांची कृत्ये १७) पौल तिसरीच भाषा बोलतो; अज्ञात देवाच्या वेदीपासून सुरुवात करतो आणि अरातस या ग्रीक कवीचा आधार घेतो. दुसऱ्या-तिसऱ्या शतकांच्या संधिकाळी कार्थेजच्या तर्तुलियनने मूर्तिपूजेवरच्या आपल्या ग्रंथात अथेन्सची भाषा सोडून कारागीर पुन्हा पकडला. मूर्ती घडवून पोट भरणारे लोक मंडळीत येतात आणि त्याच हातांनी प्रभूच्या शरीराला स्पर्श करतात, या विचाराने संतापून तो असले हात तोडून टाकण्याजोगे म्हणतो. बॅबिलोनच्या विधीची त्याला वार्ता असणे शक्य नाही. पण झाऊची तलवार अशी अनपेक्षितपणे पुन्हा दिसते, आणि यावेळी ती अभिनयापुरती आहे की नाही हे सांगवत नाही.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण या संदर्भात आठवते. घाव येथे लपवलेले नाहीत, त्यांची लाजही नाही. ते दगडाचे तप आहे. यशया आणि बॅबिलोनचा पुरोहित या दोघांनाही ही म्हण सारखीच अनाकलनीय वाटली असती.

५

भाषांतराचा प्रश्न येथूनच निघतो. हिब्रू संहितेत ज्याला आपण ‘मूर्ती’ म्हणतो त्यासाठी एक शब्द नाही. ‘पेसेल’ म्हणजे कोरलेली, ‘मस्सेखा’ म्हणजे ओतीव, ‘तेराफीम’ हे घरातले देव. ‘हेवेल’ म्हणजे वाफ, श्वास, जो शब्द उपदेशकाच्या ग्रंथात सगळ्या संसाराला लावला आहे. ‘शिक्कूस’ म्हणजे ओंगळ. आणि यहेज्केलचा आवडता ‘गिल्लुलीम’, ज्याच्या नादात शेणगोळ्यांची ध्वनी ऐकू येते. यांतले निम्मे शब्द वस्तूची नावे नाहीत, शिव्या आहेत. ग्रीक भाषांतराने यांतील बऱ्याच शब्दांवर ‘एइदोलोन’ पांघरले. होमरमध्ये हा शब्द छाया, मृताचे पिशाच्च या अर्थी येतो; ग्रीक माणूस आपल्या देवप्रतिमेला सहसा ‘आगाल्मा’ म्हणे, आनंद देणारी वस्तू. म्हणजे ‘एइदोलोन’ या निवडीतच निकाल दिलेला होता. मराठी भाषांतरकारांपुढे उलटी अडचण होती. ‘मूर्ती’ या शब्दात निंदा नाही. मूर्त होणे म्हणजे आकाराला येणे. आपण ‘करुणेची मूर्ती’ म्हणतो, आणि वारकरी विठ्ठलाच्या मूर्तीला सावळी, गोमटी म्हणतो. शिवीच्या जागी गौरवाचा शब्द बसला, आणि त्यामुळे मराठी बायबलमधील यशया मुळापेक्षा अधिक घायाळ करणारा झाला. मुळात कवी ‘पोकळ’ गोष्टीला हसत होता. मराठीत तो ‘मूर्ती’ला हसू लागला.

ख्रिस्ती वाङ्मयाच्या मराठीतील आरंभी हा पेच वेगळ्या रूपात आहे. साष्टीतील देवळे १५६७ मध्ये पाडली गेली, आणि त्याच साष्टीतील राचोल येथे १६१६ साली फादर स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’ची पहिली आवृत्ती छापून निघाली. त्यात स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ आहे, देवासाठी ‘वैकुंठनाथ’ आहे. ज्यांची देवळे गेली त्यांचे शब्द मात्र नव्या पुराणात जसेच्या तसे उभे राहिले. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले आणि त्यांच्या निधनानंतर १९२४ साली पूर्ण प्रसिद्ध झालेले भाषांतर याच्या अगदी विरुद्ध टोकाला आहे. हिंदू धर्मविचाराचा वास असलेले शब्द टाळण्याचा त्यांचा कटाक्ष प्रसिद्ध आहे. स्टीफन्सने ज्या शब्दांची चिंता केली नाही, त्यांची चिंता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे वाहिली. शब्दालाही प्रतिमेइतकीच प्राणप्रतिष्ठा असते, असे त्यांना वाटत असावे.

सर्वांत अवघड शब्द ‘त्सेलेम’ हा आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव माणसाला आपल्या ‘त्सेलेम’मध्ये निर्माण करतो, गणनेच्या तेहतिसाव्या अध्यायात कनानी लोकांच्या ज्या ओतीव प्रतिमा फोडायच्या त्याही ‘त्सेलेम’च आहेत. अक्कादी ‘सल्मु’ हा त्याचा सख्खा भाऊ, आणि मुखप्रक्षालनाच्या पट्ट्यांत देवप्रतिमेसाठी तोच शब्द आहे. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात मातीच्या आकृतीच्या नाकपुड्यांत श्वास फुंकला जातो, त्यातही काही अभ्यासकांना मुखोद्घाटनाचा प्रतिध्वनी ऐकू येतो. मूर्ती का करायची नाही याचे सर्वांत खोल उत्तर हिब्रू भाषेने एका शब्दात ठेवले आहे : ती जागा आधीच भरलेली आहे. मराठी बायबलमध्ये उत्पत्तीत ‘प्रतिरूप’ आहे आणि अन्यत्र ‘मूर्ती’. दोन्ही शब्द आपापल्या जागी योग्य आहेत, फक्त त्यांचे नाते तुटले आहे. ‘मनुष्य ही देवाची मूर्ती’ असे मराठीत लिहिणे कुठल्याही मिशनरी भाषांतरकाराला शक्य झाले नसते, आणि मुळात लिहिले आहे ते जवळजवळ तसेच आहे.

दानिएलच्या तिसऱ्या अध्यायाच्या अरामी संहितेत याच शब्दाचा एक विलक्षण खेळ आहे. नबुखद्नेस्सर साठ हात उंचीची सोन्याची प्रतिमा उभारतो, ती ‘त्सेलेम’. तीन तरुण तिच्यापुढे वाकायला नकार देतात. राजा संतापतो, आणि त्याच्या चेहऱ्याचा ‘त्सेलेम’ पालटतो. सोन्याचा आहे तो तसाच निश्चल उभा आहे, हाडामांसाचा आहे तो रागाने विकृत होतो. मराठीत हे दोन्ही पेलू शकेल असा एक शब्द आहे, तो ‘मुद्रा’ : नाण्यावरचा ठसाही मुद्रा आणि चेहऱ्यावरचा भावही मुद्रा. साठ हातांच्या पुतळ्याला तो लावता येईल का, हे एखाद्या भाषांतरकाराने करून पाहिले पाहिजे.